ऐकणाऱ्याची हजेरी

बुधवारी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी चौदा नंबरच्या ओळीतला आकडा बदलला. सातचे आठ झाले.

मी पडद्यासमोरच होते. खरं सांगायचं तर त्या आकड्याचीच वाट बघत होते, आणि हे स्वतःशी कबूल करायला मला आवडत नव्हतं. पडद्यावर चोवीस ओळी असतात. प्रत्येक ओळीत वापरकर्त्याचं नाव, टर्मिनलचा नंबर, लॉगिन केव्हा झालं ती वेळ, आणि शेवटच्या रकान्यात त्या माणसाकडून शेवटचा संकेत येऊन किती काळ लोटला तो आकडा. तेवीस ओळींमध्ये हा आकडा मिनिटांत होता, फार तर तासांत. चौदाव्या ओळीत तो दिवसांत होता. दहा दिवस झाले की सेशन बंद करायचं आणि ती जागा प्रतीक्षा यादीतल्या पहिल्या माणसाला द्यायची, असा आमच्या केंद्राच्या समितीचा नियम आहे.

यादीतलं पहिलं नाव होतं मीनल कुंभोजकर. माझी आई.

"काय म्हणतंय चौदा?" डॉ. तारळेकर मॅडम दारातूनच म्हणाल्या. त्या केंद्राच्या प्रमुख. चहाचा कप हातात घेऊन फिरायची त्यांना सवय आहे, आणि तो चहा त्या कधीच संपवत नाहीत.

"आठ."

"म्हणजे शुक्रवार, अकरा वीस." त्यांनी माझ्या टेबलाच्या कडेला कप ठेवला. "आईंच्या पापण्या?"

"डावी पूर्ण उठते. उजवी अर्धी."

"बुबुळं?"

"वर-खाली जातात. बाजूला नाहीत जात आता."

मॅडमनी पडद्यावरची चौदावी ओळ बघितली. मग म्हणाल्या, "मग याच महिन्यात व्हायला हवं, जुई. पुढच्या महिन्यात मी हात लावणार नाही, उपयोग नसेल." आणि कप तिथेच विसरून गेल्या.

त्या असं का म्हणाल्या ते सांगायला हवं. आमच्याकडे येणाऱ्या माणसांचे स्नायू एकेक करून बंद पडत जातात. शेवटी डोळे उरतात, मग तेही जातात. आत माणूस पूर्ण शाबूत असतो. मेंदूवर केसाहून बारीक तारांची एक जाळी बसवली की पेशींचे विद्युतसंकेत बाहेर आणता येतात, पण नुसते संकेत म्हणजे अनोळखी भाषेतला गलका. त्याचा अर्थ लावायला एक प्रोग्राम लागतो. केंद्रात सगळे त्याला दुभाष्या म्हणतात. प्रत्येकाचा दुभाष्या वेगळा, कारण प्रत्येकाचा मेंदू वेगळा. त्याला शिकवायची रीत अशी: रुग्णाला सांगायचं, डोळा वर करा. डोळा वर जातो, त्याच क्षणी जाळीतून काय आलं ते दुभाष्या टिपून ठेवतो. असं काही हजार वेळा केलं की त्याला इच्छा ओळखता येऊ लागते. पण सुरुवातीला ती एक हालचाल लागतेच. हालचालच उरली नाही तर माणसाने इच्छा केली की नाही हे पडताळायचं कशावरून?

दुसरी अडचण उलट्या बाजूची. मेंदू रोज थोडा बदलतो, जाळीही सरकते. दुभाष्याला रोज शिकत राहावं लागतं. त्याला दोन आठवडे बंद ठेवलं तर त्या माणसासाठी तो परका होतो, आणि तोवर डोळे गेलेले असले तर पुन्हा शिकवता येत नाही.

चोवीस दुभाषे चोवीस तास जागे ठेवायचे म्हणजे अवाढव्य यंत्र लागतं. आमच्याकडे ते एकच आहे. रुग्ण आपापल्या घरी, उशाशी एक डबा, आणि सगळे या एकाच यंत्रात लॉगिन झालेले. कल्पना जुनीच आहे. संगणक खोलीएवढे असायचे तेव्हा एकावर पन्नास माणसं काम करायची आणि प्रत्येकाला वाटायचं की यंत्र आपलं एकट्याचं आहे. आमची ऑपरेटिंग सिस्टीम त्याच घराण्यातली.

मी भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केलं आणि गेल्या वर्षी इथे लागले. जूनमध्ये समितीने मला काम दिलं: कोण हजर आहे हे आपोआप सांगणारा प्रोग्राम लिही. काही रुग्ण आजाराच्या शेवटी हळूहळू विझतात. शरीर असतं, पण जाळीतून इच्छेचा एकही संकेत येत नाही. डॉक्टर असलेल्या माणसालाही बाहेरून ते कळत नाही. आधी परिचारिका फोन करून घरच्यांना विचारायच्या, आणि घरचे नेहमी म्हणायचे, आहेत, आहेत.

यंत्राला कोण हजर आहे हे विचारायच्या मुख्य रीती दोन. लॉगिन झालं की सिस्टीम एका फाइलमध्ये नाव लिहिते, बाहेर पडलं की खोडते. ती फाइल वाचायची. पण जोडणी मध्येच तुटली तर खोडायला कुणी नसतं, आणि गेलेल्या माणसाचं नाव तसंच राहतं. म्हणून दुसरी रीत: त्याच्या टर्मिनलला, म्हणजे त्याचं बोलणं जिथून बाहेर येतं त्या दाराला, शेवटचा स्पर्श केव्हा झाला ते बघायचं. मी दोन्ही एकत्र केल्या. फाइलमध्ये नाव असेल आणि टर्मिनल दहा दिवस गप्प असेल, तर माणूस नाही. साठ ओळींचा नेटका प्रोग्राम होता तो. मला त्याचा अभिमान होता.

त्याने ऑगस्टपर्यंत दोन सेशन बंद केली होती.

बाबांचा फोन दुपारी आला. बाबा एसटीच्या डेपोत हेड मेकॅनिक होते. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली तरी घरातल्या प्रत्येक वस्तूचे नट ते आवळून बघतात.

"जुई, तो डबा ठेवायचा स्टँड केला बघ मी. चाकांचा. पलंगाच्या कुठल्या बाजूला लागंल?"

"बाबा, अजून नक्की नाही."

"नक्की नाही कसं? शुक्रवार म्हणालीस की तू."

"शुक्रवारी कळेल म्हणाले."

"तेच ते. डावीकडं ठेवतो, प्लग तिकडंच हाय." मग त्यांनी विचारलं, "तो माणूस... कोण गं तो? ज्याची जागा हाय."

"अमीन सतारमेकर. सतारी करायचे, मिरजेतच."

"वय?"

"अडुसष्ट."

"हं." बाबांनी सुस्कारा सोडला. "बरं, जेवलीस का?"

गुरुवारी सकाळी मी चौदाचं सेशन बंद करायची तयारी सुरू केली. आधी त्या नावाने चालू असलेल्या सगळ्या प्रोसेसची, म्हणजे यंत्राच्या कामांची, यादी काढावी लागते, नाहीतर काही मागे राहून यंत्राची जागा अडवतात. विझलेल्या माणसाच्या यादीत एकच मोठी प्रोसेस असते, दुभाष्या, आणि ती नुसती फिरत असते. प्रोसेसची यादी बघायची ही तिसरी रीत मी प्रोग्राममध्ये घेतली नव्हती ती त्यामुळेच. दुभाष्या सगळ्यांचाच चालू दिसणार, मग त्यावरून काय कळणार?

अमीनसाहेबांच्या यादीत दोन प्रोसेस होत्या. दुसरीचं नाव नुसतंच 'कान'. तिने नऊ दिवसांत एकोणपन्नास तास काम केलं होतं.

मी नोंदी चाळल्या. वर्षभरापूर्वी आमच्याच एका तंत्रज्ञाने त्यांच्या विनंतीवरून ती जोडून दिली होती. घरापासून थोड्या अंतरावर त्यांचा कारखाना. तिथल्या सतारीला चिकटवलेल्या मायक्रोफोनमधून आवाज यायचा, एका फाइलमध्ये साठायचा, आणि अमीनसाहेबांनी लक्ष दिलं की तो त्यांना ऐकू यायचा. लक्ष दिल्याचा संकेत दुभाष्याकडून थेट 'कान'कडे जायचा. वाटेत टर्मिनल लागतच नव्हतं.

पण हे आपोआप चालत असेल तर? रेडिओ रिकाम्या खोलीतही वाजतो. मी सिस्टीमला आणखी एक प्रश्न विचारला. प्रत्येक प्रोसेस फाइल वाचताना कुठवर आली आहे याची खूण सिस्टीम ठेवते, आपण वाचताना ओळीवर बोट ठेवतो तशी. ती खूण मी दर सेकंदाला छापायला लावली.

आकडा वाढत गेला. वाढत गेला. थांबला. मग मागे गेला.

मी खुर्चीत पुढे सरकले. आकडा पुन्हा त्याच जागेपासून पुढे आला, जवळपास चार सेकंदांचा आवाज, आणि पुन्हा मागे. तीन वेळा. मग परत पुढे निघाला.

आपोआप चालणारी गोष्ट पुढे जाते. मागे जाऊन पुन्हा ऐकतो तो कुणीतरी असतो.

मी पडदा बंद केला. खिडकीशी जाऊन आले. पाणी प्यायले. समोरच्या खोलीत तारळेकर मॅडम फोनवर बोलत होत्या, दार उघडं होतं, बारा पावलं. मी गेले नाही. मी स्वतःला सांगितलं की एकाच निरीक्षणावरून निष्कर्ष काढू नये. हे वाक्य मला आईनेच शिकवलं होतं. ती शाळेत रसायनशास्त्र शिकवायची, आणि एकदाच घेतलेलं रीडिंग वहीत लिहिणाऱ्या मुलांच्या वह्या ती फेकायची.

दुपारी चार वाजता मी सतारमेकर गल्लीत पोचले. दुकानांच्या दारांत भोपळे टांगलेले होते. शाहीनआपा, अमीनसाहेबांची मुलगी, कारखान्यात जमिनीवर मांडी घालून बसली होती. मांडीवर सतार, हातात कानस. पस्तिशीची असेल. केसांत भुसा.

"केंद्रातल्या मॅडम ना तुम्ही? अब्बांचं मशीन बिघडलं काय?"

"नाही, नाही. सहज. तपासणी."

"तपासणीवाले सहज येत नाहीत." ती हसली. "बसा. त्या भोपळ्यावर नको, फुटंल. इकडं बसा. आणि आता जरा गप बसा हं, राग मानू नका."

तिने एक तार छेडली. आवाज बराच वेळ रेंगाळला. मग तिने मान वर करून फळीवरच्या छोट्या स्पीकरकडे बघितलं. अमीनसाहेब बोलले की दुभाष्याचा आवाज त्यातून यायचा. मी मनात सेकंद मोजले. चाळीस झाले. स्पीकर गप्प. तिने तार बाजूला सारली, घोडीवर दोनदा कानस फिरवली आणि बोटाने भुकटी झटकली.

"काय झालं?" मी विचारलं.

"नाही म्हणाले."

"पण काही बोललेच नाहीत."

"तेच की. तेच नाही." तिला माझ्या चेहऱ्याची मजा वाटली असावी. "तुम्हाला जवारी माहीत नाही. हे बघा, घोडी. वरती ही हाडाची पट्टी. तार हिच्यावर टेकते. पट्टी सपाट दिसते ना? सपाट नाही."

मी वाकून बघितलं. मला सपाटच दिसली. पण तिचं म्हणणं कळत होतं. पट्टीला जरासा बाक असतो. तार हलताना त्या बाकाला टेकते, सुटते, पुन्हा टेकते, आणि दर वेळी वरचे बारीक स्वर जागे होतात. सतारीचा तो झणकार त्या बाकातून येतो, आणि तो बाक घासून बसवणं म्हणजे जवारी. बाक केसाच्या जाडीच्या अंशाने चुकला तर आवाज एक तर मुका होतो नाहीतर खरखरीत. मोजायचं साधन आहे, पण ते कानाइतकं चांगलं नाही.

"जवारीला बसलं की आमच्यात उस्ताद 'नाही' म्हणत नाही," शाहीनआपा म्हणाली. "ऐकतो. शिकणारा घासतो, छेडतो. बरोबर झालं की उस्ताद एकदाच बोलतो, 'राहू दे'. त्यानंतर त्या घोडीला कुणी हात लावायचा नाही. आजोबांच्या वेळपासून असंच."

"आणि तोपर्यंत?"

"तोपर्यंत गप."

"नऊ दिवस?"

"नऊ काय! मी लहान असताना अब्बा सतरा दिवस गप होते. तेव्हा तर चालतेबोलते होते. अम्मीनं विचारलं भाजीत मीठ कसं आहे, तर ताट घेऊन परत कारखान्यात. आजोबांना खोकला आला तर बाहेर रस्त्यावर जाऊन खोकायचे."

"का?"

"अहो, आत खोकले आणि शिकणाऱ्यानं ते 'राहू दे' धरलं तर? उस्तादाचा आवाज आला म्हणजे काम संपलं. मग ती सतार तशीच जन्मभर." तिने कानस पुसली. "ही अब्बांनी स्वतः भोपळा निवडून सुरू केलेली. हात गेले तेव्हा तबली, ही पुढची लाकडी फळी, झाली होती. बाकी मी. आता फक्त जवारी राहिली."

मी विचारलं, "केंद्रातून मेसेज आले नाहीत का तुम्हाला?"

"आले ना. 'कृपया संकेत पाठवा.' तीन वेळा. मी उत्तर दिलं, 'कामात आहेत'. तर ते परत आलं. त्या नंबरवर उत्तर घेत नाहीत म्हणे." तिने खांदे उडवले. "काही फार महत्त्वाचं होतं का?"

ते मेसेज माझा प्रोग्राम पाठवतो. उत्तर घ्यायची सोय मी केली नव्हती, कारण घरच्यांच्या उत्तराला अर्थ नसतो असं मी गृहीत धरलं होतं.

एक वाक्य पुरलं असतं. अब्बांना सांगा, उद्या अकराच्या आत काहीतरी बोला, सतार पुन्हा घासता येईल. एक शब्द आला असता, टर्मिनल चौदाचा आकडा शून्य झाला असता, आणि माझ्या प्रोग्रामबद्दल कुणाला काही कळलंही नसतं. वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. त्याच्यामागे आईची उजवी पापणी होती, अर्धी उठणारी.

"नाही," मी म्हणाले. "नेहमीचेच मेसेज."

तिने पुन्हा तार छेडली. मी घड्याळ बघितलं: चार बत्तीस. पुन्हा तीच शांतता, पुन्हा कानस.

मी उठले तेव्हा ती म्हणाली, "त्या डॉक्टर बोलल्या होत्या एकदा, तुमच्या घरी पण कुणी आहे."

"आई."

"मिळाली जागा?"

"मिळेल बहुतेक."

"लवकर मिळो. अल्ला करो." कानस हवेत धरून ती थांबली. "म्हणजे कुणाची तरी सुटावी लागत असंल ना?"

"हो."

"अवघड आहे," ती म्हणाली आणि पुन्हा खाली वाकली.

मी चालत केंद्रात परत आले. रिक्षा मिळत होत्या, पण बसवलं नसतं मला. 'कान'च्या नोंदी काढल्या. चार बत्तीसची छेड अमीनसाहेबांनी चार वेळा ऐकली होती. मीही ती ऐकली होती, त्याच खोलीत बसून. दोन निरीक्षणं झाली, आणि दुसऱ्याला तर मी स्वतः साक्षी होते.

तरीही मी काही न बोलता घरी गेले. बाबांनी स्टँडला निळा रंग दिला होता. "हात लावू नको, ओला हाय," म्हणाले. आई डावी पापणी उघडून समोरच्या स्टँडकडे बघत होती. मी तिला "बरी आहेस ना?" विचारलं. एकदा मिटली. हो.

शुक्रवारी आठ वाजता मी केंद्र उघडलं. प्रोग्राममध्ये बत्तीस ओळी घातल्या. प्रत्येक वापरकर्त्याच्या प्रत्येक प्रोसेसची वाचनखूण बघायची, आणि ती एकदा जरी मागे गेली असली तरी तो माणूस हजर धरायचा. पडद्यावर एक नवा रकाना केला. चौदाव्या ओळीत जुन्या रकान्यात 'नऊ दिवस, एकवीस तास' आणि नव्यात 'सहा मिनिटं'. अमीनसाहेबांचं काम सकाळीच सुरू झालं होतं.

मग मी ते बंद केलं आणि जुना प्रोग्राम पुन्हा चालू केला. पाच मिनिटं मी तशीच बसले. मग पुन्हा नवा चालू केला. हे मी दोनदा केलं. त्याची नोंद यंत्रात आहे, म्हणून लिहिते आहे.

दहा वाजता तारळेकर मॅडम आल्या. मी त्यांना पडदा दाखवला आणि सगळं सांगितलं. त्यांनी कप खाली ठेवला.

"हे कधी कळलं तुला?"

"काल सकाळी."

"काल सकाळी." त्यांनी चष्मा काढला. "जुई, हे तुला सोमवारी सापडलं असतं तर कुणी तुला दोष दिला नसता. मी तरी नाही."

"सोमवारी सापडलं नसतं. सेशन बंद केलं की आपण सगळ्या फायली मिटवतो. खुणाही."

त्यांनी चष्मा पुन्हा लावला. मग त्यांचा चेहरा हळूहळू बदलला. माझ्या डोक्यात कालपासून जे होतं ते त्यांच्याही डोक्यात आलं होतं.

"आधीची दोन," त्या म्हणाल्या.

"हो."

"तीन नंबरच्या त्या आजी. आणि एकवीस."

"त्यांच्या खुणा कुठे होत्या ते आता कळणार नाही. एकवीसच्या घरी त्यांची बायको रोज पेपर वाचून दाखवायची, एवढं मला आठवतंय. तेही 'कान'मधून असेल तर माहीत नाही."

मॅडम खुर्चीत बसल्या. कप बाजूला सारून त्यांनी कागद पुढे ओढला. "समितीला लिहावं लागेल," त्या म्हणाल्या. "तुझ्या नावाने नाही, माझ्या. नियम समितीपुढे मीच मांडला होता."

"प्रोग्राम माझा होता. दोघींच्या नावाने लिहू. आणि प्रतीक्षा यादीत पहिली माझी आई आहे हेही लिहायचं."

"ते कशाला?"

"मी एक दिवस गप्प बसले. त्याचं कारण कळायला हवं वाचणाऱ्याला."

अकरा वाजून वीस मिनिटांनी चौदाव्या ओळीत दहा आला. काहीच झालं नाही. नव्या रकान्यात 'एक मिनिट' होतं.

अमीनसाहेब पुढच्या बुधवारी बोलले, दोनच शब्द. पण ते मला नंतर कळलं. त्या शुक्रवारी मी दुपारचीच घरी निघाले. हे बाबांना बाहेरच्या खोलीत सांगायचं नाही, आईसमोर सांगायचं, एवढंच वाटेत ठरवलं होतं.

"बाहेर बोलू," मी सुरुवात करताच बाबा म्हणाले.

"नाही, इथेच."

मी सांगितलं. टर्मिनल, कान, खूण, सतार. बाबा स्टँडचा दांडा धरून उभे होते.

"तुला कुणी सांगितलं होतं गं उकरायला?"

"माझं कामच आहे ते."

"काम! पस्तीस वर्षं डेपोत काम केलंय मी. गाडीचे ब्रेक तपासताना आत कोण बसणार हाय ते कधी बघितलं नाही, पण..." ते तिथेच थांबले. दांड्यावरचा हात त्यांनी काढला आणि तळव्याला लागलेला निळा रंग बघत राहिले. "पुढची जागा कधी?"

"माहीत नाही. सहा महिने. वर्ष."

"तवर हिचे डोळे..."

"नाही राहणार."

आईची पापणी हलली. एकदा नाही, दोनदा नाही. लागोपाठ, फडफडल्यासारखी.

"काय गं? पाणी?" बाबांनी विचारलं. दोनदा मिटली. नाही. "पंखा?" नाही. "कूस बदलायची?" नाही, नाही. आम्हाला प्रश्न सुचेनात. गेले कित्येक महिने आम्ही तिला हो-नाहीचेच प्रश्न विचारत होतो. पहिल्या वर्षी एक पुठ्ठा होता, त्यावर ओळींमध्ये मुळाक्षरं. ओळीचा नंबर म्हणायचा, तिने पापणी मिटली की त्या ओळीतली अक्षरं एकेक म्हणायची. एका वाक्याला वीस मिनिटं लागायची. आईचं नाव यादीत लागलं तेव्हा मीच म्हणाले होते, कशाला तिला दमवायचं, आता यंत्र आलं की बोलूच. पुठ्ठा कपाटावर टाकला तो मीच.

मी खुर्चीवर चढून तो काढला. धुळीने माखला होता. ओढणीने पुसला.

"पहिली ओळ? दुसरी? तिसरी?..."

सात मिनिटांनी दोन शब्द झाले: राग आला.

"कुणाचा?" बाबांनी हळूच विचारलं. "हिचा?"

मी पुन्हा ओळी म्हणू लागले. दो. घां. चा.

बाबा पलंगाच्या कडेवर बसले. माझा घसा कोरडा पडला होता, पण पापणी थांबायला तयार नव्हती. मी वही घेतली, कारण आता अक्षरं लक्षात राहात नव्हती. पहिली ओळ, दुसरी ओळ. उ. शी. मग आणखी बराच वेळ. उं. च.

"उशी उंच आहे?" मी म्हणाले. "मान दुखते?"

एकदा मिटली. हो.

"कधीपासून?" बाबांनी विचारलं.

दि. वा. ळी.

ऑगस्ट चालू होता. बाबा उठले. त्यांनी आईचं डोकं एका हाताने अलगद उचललं, उशी काढली, तिच्यातला कापूस पिळून पिळून सपाट केला, पुन्हा ठेवली. मग वाकून तिच्या मानेखाली बोटं घालून बघितली, चाकाखाली जॅक नीट बसलाय का बघतात तशी.

आईने डोळे मिटले आणि थोडा वेळ उघडलेच नाहीत. मग डावी पापणी उठली, आणि उजवी अर्धी.

मी वहीचं पान उलटलं आणि पहिल्या ओळीपासून म्हणायला सुरुवात केली.